डेल्को

माझे थोरले मामा मोटार मेकॅनिक आहेत. जुन्या पेट्रोल गाडीत प्लगांना ठिणगी वाटून देणारा जो भाग असतो, त्याला पुस्तकात डिस्ट्रिब्युटर म्हणतात. मामांच्या गॅरेजात त्याचे नाव डेल्को. हा शब्द आपल्याच मिस्त्री लोकांनी घडवला असावा, असे मला बरेच दिवस वाटे. पुढे वाचनात आले की डेल्को हे अमेरिकेतील डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांपासून झालेले नाव आहे, आणि ही कंपनी १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह काढणारे गृहस्थ म्हणजे चार्ल्स केटरिंग.

केटरिंग यांचा जन्म १८७६ साली ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. डोळे अधू. आधी ते शाळामास्तर झाले. मग विद्यापीठात गेले, तर डोळ्यांनी दगा दिला; शिक्षण अर्धवट टाकून टेलिफोनचे खांब रोवण्यासाठी खड्डे खणणाऱ्या टोळीत राहिले. पुन्हा परतून १९०४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा वय सत्तावीस होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून हा भाग मी दोनदा वाचला.

नोकरी लागली डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. तेथे त्यांनी दुकानातला गल्ला विजेवर चालवून दाखवला. संध्याकाळी मात्र डीड्स यांच्या घरामागील कोठारात मित्रांना घेऊन ते मोटारीच्या इग्निशनमागे लागत. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट; पॉइंट उघडला की त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उठतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. ही व्यवस्था १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत बसली. पुढे पन्नास-साठ वर्षे जगभरच्या बहुतेक पेट्रोल मोटारी याच तत्त्वावर धावल्या.

पण ठिणगी पडून भागत नाही, ती वेळेवर पडावी लागते. वायू जळायला थोडा अवधी लागतो, म्हणून इंजिन वेगात असताना पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी हवी. हँडल मारताना इंजिन संथ फिरते. तेव्हा ती उशिरा हवी. त्या काळी यासाठी स्टिअरिंगपाशी एक दांडी असे. ती मागे घ्यायला विसरले की पिस्टन उलटा फेकला जाई आणि त्याबरोबर हँडलही.

१९०८ मध्ये बायरन कार्टर हे मोटार उद्योजक असेच गेले, अशी हकीकत सांगतात. एका बाईंची बंद पडलेली कॅडिलॅक चालू करून देताना हँडल उलटून जबड्यावर बसले, आणि ते त्यातून उठले नाहीत. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे ते स्नेही होते. हँडलच नको, हे त्यांनी मनावर घेतले आणि काम केटरिंग यांच्याकडे आले. इंजिन फिरवायला मोठी अवजड मोटर लागेल, असे जाणकार म्हणत. केटरिंग यांना गल्ला ठाऊक होता: काम क्षणभराचे असेल तर लहान मोटरकडूनही भरपूर जोर काढता येतो. १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आला.

मामांचे उजवे मनगट किंचित वाकडे आहे. शिकाऊ असताना एका जुन्या जीपचे हँडल उलटले होते. त्या जीपचा डेल्को थोडा पुढे बसला होता, एवढेच ते सांगतात.

केटरिंग यांची गोष्ट इथे संपली असती तर मला लिहायला सोपे गेले असते. त्यांच्या इग्निशनमुळे इंजिन ठोकते, असा आरोप झाला. दोष इंधनात आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी संशोधन सुरू केले, आणि १९२१ मध्ये त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग सापडले. पेट्रोलात ते चिमूटभर घातले की ठोका थांबे. शिसे विषारी असते हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. केटरिंग तेव्हा ते विकणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते. विक्री काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली. पुढे १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कर्करोग संशोधनाची मोठी संस्था उभी राहिली, तिच्या नावात त्यांचेही नाव आहे. १९५८ मध्ये ते वारले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, साऱ्या जगातून २०२१ मध्ये.

परवा गॅरेजात एक जुनी अ‍ॅम्बॅसॅडर आली होती. मामांनी पुलीची खूण जुळवली, डेल्कोचा नट सैल केला, पॉइंटला छोटा बल्ब जोडला आणि डेल्को केसभर फिरवत राहिले. बल्ब लागला तिथे नट आवळला. मग चढावर गाडी घालून इंजिन किटकिटते का, ते कान देऊन ऐकले. मी त्यांना कार्टर यांची हकीकत सांगितली, तेव्हा ते आपल्या मनगटाकडे बघून हसले.

पोरवयात टाकीतले पेट्रोल ते नळीने, तोंडाने ओढून काढत. तेव्हाच्या त्या पेट्रोलात काय असे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.