विरुंगाची वनवासिनी

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी विरुंगा नावाची ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. कांगो, रुआंडा आणि युगांडा या तीन देशांच्या सीमा तेथे एकत्र येतात. या पर्वतांच्या उतारांवर घनदाट अरण्य असून ते धुक्याने व पावसाने सदैव ओलेचिंब असते. पर्वतीय गोरिला या महाकाय वानराचे हे निवासस्थान होय. छाती बडवीत माणसावर धावून जाणारा क्रूर राक्षस अशीच या प्राण्याची पूर्वी ख्याती होती. ती खोटी ठरविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत डायान फॉसी यांचे नाव अग्रगण्य आहे.

डायानचा जन्म १६ जानेवारी १९३२ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी झाला. लहानपणापासून तिला प्राण्यांचा विलक्षण लळा होता. पशुवैद्य व्हावे, ही तिची इच्छा. परंतु महाविद्यालयात रसायन व पदार्थविज्ञान या विषयांत तिला अपयश आले. तेव्हा तिने वेगळे शिक्षण घेतले आणि लुईव्हिल येथील रुग्णालयात अपंग मुलांची सेवा पत्करली. मनातील ओढ मात्र ओसरली नाही. १९६३ साली कर्ज काढून ती आफ्रिकेस गेली. तेथे लुई लीकी या विख्यात संशोधकांची तिची भेट झाली. दुखावलेल्या पायानेच विरुंगाचा चढ चढून तिने गोरिलांचे प्रथम दर्शन घेतले. तीन वर्षांनी लीकींनी तिला गोरिलांच्या दीर्घ अभ्यासाचे कार्य देऊ केले, आणि तिने ते आनंदाने स्वीकारले.

१९६७ च्या आरंभी फॉसीबाईंनी कांगोत आपला तळ ठोकला. पण काही महिन्यांतच तेथील बंडाळीमुळे त्यांना देश सोडावा लागला. तरीही त्या खचल्या नाहीत. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला रुआंडाच्या हद्दीत, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, त्यांनी नवे केंद्र उभारले. कॅरिसिंबी व विसोके या दोन पर्वतांच्या नावांतील अक्षरे जुळवून त्यांनी त्याचे नाव कॅरिसोके ठेवले.

आरंभी माणसाची चाहूल लागताच गोरिला पळून जात. फॉसीबाईंनी त्यांचा पाठलाग सोडून दिला. त्या गुडघ्यांवर रांगत जात, झुडपांत दबून बसत, गोरिलांप्रमाणे अंग खाजवीत, पाला चघळल्याचे भासवीत आणि त्यांच्यासारखे समाधानाचे हुंकार काढीत. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरील सुरकुत्या निरनिराळ्या असतात, हे हेरून त्या त्यांची चित्रे काढीत व त्यांवरून एकेकाला ओळखीत. अशा प्रकारे जवळजवळ तीन वर्षे लोटली. १९७० साली एका तरुण नराने हात पुढे करून त्यांच्या हाताला हळूच स्पर्श केला. गोरिला हा पाल्यावर जगणारा, कुटुंबवत्सल आणि लाजाळू प्राणी आहे, हे फॉसीबाईंच्या नोंदींवरून जगाला पटले.

डिजिट नावाच्या नरावर त्यांचा विशेष जीव होता. त्यांची वही व लेखणी तो हाती घेऊन न्याहाळी आणि अलगद परत ठेवी. रुआंडाच्या पर्यटन खात्याने प्रवाशांना आमंत्रण देण्यासाठी त्याचेच छायाचित्र भित्तिपत्रकांवर छापले होते. परंतु ३१ डिसेंबर १९७७ रोजी चोरट्या शिकाऱ्यांनी अरण्यात शिरून त्याच्या परिवारावर हल्ला केला. डिजिट एकटा त्यांना आडवा झाला. परिवार निसटला, डिजिट मात्र भाल्यांच्या जखमांनी मरून पडला.

या आघाताने फॉसीबाई अंतर्बाह्य बदलल्या. डिजिटच्या नावे त्यांनी निधी उभारला, फासे उद्ध्वस्त करणारी पथके रानात पाठविली आणि १९८३ साली आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. शिकाऱ्यांशी त्या अतिशय कठोरपणे वागत. त्यामुळे त्यांना शत्रू निर्माण झाले व त्यांच्यावर टीकाही झाली. प्रवाशांचे थवे अरण्यात आणण्यासही त्यांचा विरोध होता. १९८५ च्या डिसेंबरअखेरीस त्यांच्या कुटीतच त्यांची हत्या झाली. डिजिटच्या शेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

फॉसीबाईंची भीती निराधार नव्हती. माणसाचे रोग गोरिलांना सहज जडतात. म्हणून आज रुआंडाच्या राष्ट्रीय उद्यानात एका गोरिला कुटुंबापाशी दिवसातून एकदाच, आठच प्रवाशांना, केवळ एक तास थांबू देतात. त्यांच्याकडून मिळणाऱ्या मोठ्या शुल्कातून अरण्याचे रक्षण होते व काही वाटा भोवतालच्या खेड्यांनाही मिळतो. १९८१ च्या सुमारास विरुंगात अवघे अडीचशे गोरिला उरले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत ती संख्या ६०४ भरली. ज्या प्रवाशांना फॉसीबाईंनी विरोध केला, त्यांचाच पैसा आज त्यांच्या गोरिलांच्या कामी येत आहे. परंतु त्या प्रवाशांना समोर बसून शांतपणे पाला खाणारा गोरिला दिसतो, तो मात्र फॉसीबाईंनी वर्षानुवर्षे ओल्या रानात गुडघे टेकून संपादन केलेल्या विश्वासामुळेच होय.