चांदण्याचा पियानो

फर्स्ट इयरला रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर 'क्लेअर द ल्यून' पहिल्यांदा ऐकलं. पियानोतून चांदणं सांडतंय असं वाटलं! संगीतकार फ्रेंच, क्लोद देब्यूसी, जन्म १८६२, एवढीच माहिती. मागच्या दिवाळीत काकांना गुदाशयाचा कॅन्सर निघाला. नेटवर वाचता वाचता पुन्हा हेच नाव समोर आलं.

१९०९ च्या सुमारास देब्यूसीला रक्त पडू लागलं. मूळव्याध समजण्यात वर्षं गेली. (आमच्या काकांनीही दीड वर्ष मूळव्याधीचंच औषध घेतलं. लाजेपायी कुणी बोलत नाही, दुसरं काय!) १९१५ च्या उन्हाळ्यात, महायुद्ध चालू असताना, पठ्ठ्याने समुद्रकाठी जाऊन चेलोचा सोनाटा आणि पियानोचे बारा एत्यूद लिहिले. डिसेंबरात ऑपरेशन झालं, कॉलोस्टोमी. म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून मलाचा रस्ता वळवायचा, बायपासच म्हणा. लंडनच्या माइल्स या सर्जनने १९०८ मध्ये गुदाशय समूळ काढायची पद्धत मांडली होती, पण त्यात बरेच पेशंट दगावत. देब्यूसीचा रोग काही गेला नाही. मग रेडियम, क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये त्याच पॅरिसात शोधलेलं. डोस मोजायचं शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत. जोडीला मॉर्फीन.

तरी ५ मे १९१७ ला व्हायोलिन सोनाटा पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा पियानोवर तो स्वतः होता! सहा सोनाटांचा बेत होता, तीनच झाले. २५ मार्च १९१८ ला पॅरिसवर जर्मन तोफा आग ओकत असताना तो गेला. वय ५५.

काकांचं नशीब बरं. आता अशा गाठीला बऱ्याचदा आधी रेडिएशन आणि केमो देऊन आक्रसवतात, मग ऑपरेशन. काहींची गाठ पूर्ण नाहीशी होते, तेव्हा कडक तपासण्या ठेवून ऑपरेशन टाळतातही. काकांचं मात्र झालं. आतडं स्टेपलरने जोडलं (हो, स्टेपलरच, मेकॅनिकलवाल्यांनी वाचावं) आणि जोड भरेपर्यंत पोटावर पिशवी, काही महिन्यांची. पण त्या पिशवीपायी काका घराबाहेर पडेनात.

सुट्टीत त्यांना हे सगळं सांगितलं, पियानोही ऐकवला. पोटाचं असं असताना हा लोकांसमोर वाजवायला बसला का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

परवा होस्टेलवर फोन आला. ताईच्या साखरपुड्याला काका येतायत.