नर्सिंगला स्टॅटिस्टिक्स कशाला? उत्तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या आयुष्यात आहे

बीएस्सी नर्सिंग करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: इंजेक्शन द्यायचं, जखमा बांधायच्या, रात्रपाळी करायची, मग अभ्यासक्रमात हे स्टॅटिस्टिक्स कशाला? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डेटाचे चार्ट बनवणं हे माझं रोजचं काम. म्हणून उत्तर एका नर्सच्याच आयुष्यातून देतो. हातात दिवा घेतलेली बाई म्हणून तिला आपण सगळे ओळखतो. तिच्या आकड्यांबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नाही.

गणिताचा हट्ट

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. नावही त्या शहरावरूनच पडलं. कुटुंब इंग्लंडचं, चांगलं श्रीमंत. वडिलांनी मुलींना घरीच शिकवलं आणि हिला गणिताची गोडी लागली. पुढे नर्स व्हायचं म्हटल्यावर घरात मोठा विरोध झाला, कारण तेव्हा हे काम चांगल्या घरातल्या मुलीचं समजत नसत. तिने हट्ट सोडला नाही. १८५१ मध्ये जर्मनीत कैसर्सवर्थ इथे प्रशिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये ती लंडनमधल्या एका छोट्या रुग्णालयाची प्रमुख झाली.

स्कुटारीचा हिवाळा

तेवढ्यात क्रिमियाचं युद्ध पेटलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ नर्सेसना घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. हे ठिकाण आजच्या इस्तंबूलमध्ये येतं. खाली तुंबलेली गटारं, वर दाटीवाटीने झोपवलेले सैनिक. तिने स्वयंपाकघर, कपडे धुण्याची सोय, स्वच्छ चादरी असं सगळं मार्गी लावलं.

आता गोष्टीतला नेहमी गाळला जाणारा भाग. ती आल्यावर लगेच मृत्यू कमी झाले नाहीत. त्या हिवाळ्यात ते उलट वाढले. मार्च १८५५ मध्ये सरकारचं स्वच्छता पथक आलं, त्यांनी गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि मग मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. म्हणजे नुसती सेवा पुरेशी नव्हती. रोगाचं मूळ इमारतीत होतं.

भागाकार करून बघा

१८५६ मध्ये ती परतली तेव्हा देशभर तिचं कौतुक चाललं होतं. ती मात्र विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर सैन्याच्या नोंदी तपासत बसली. एक महिना आपणही तपासू. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा.

जानेवारी १८५५. सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३. टाळता येण्यासारख्या रोगांनी गेले २,७६१. लढाईतल्या जखमांनी ८३. इतर कारणांनी ३२४.

२,७६१ ला ३२,३९३ ने भागा आणि १,००० ने गुणा. उत्तर येतं हजारामागे सुमारे ८५, तेही एकाच महिन्यात. वर्षाचा दर काढायला १२ ने गुणलं की १,०२२.८. हजारामागे हजाराहून जास्त! म्हणजे नवे सैनिक आले नसते आणि हाच वेग राहिला असता, तर वर्षाच्या आत सगळं सैन्य संपलं असतं, आणि तेही मुख्यतः शत्रूच्या गोळीने नाही, रोगाने.

बेसिक स्टॅटिस्टिक्सचा पहिला धडा हाच. नुसता आकडा बोलत नाही. तो कितीपैकी आणि किती काळात, हे कळलं की बोलतो.

चार्ट बनवताना घेतलेली काळजी

हे आकडे राणी आणि मंत्र्यांपुढे जायचे होते. लांबलचक तक्ते कोण वाचणार? म्हणून १८५८ मध्ये तिने एक गोल आकृती छापली. वर्षाचे १२ महिने म्हणजे १२ पाकळ्या. निळा रंग रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. पाइ चार्टमध्ये कोन बदलतो. इथे प्रत्येक पाकळीचा कोन सारखाच, बदलते ती लांबी.

यात एक मेख आहे. मृत्यू चौपट झाले म्हणून लांबी चौपट केली, तर क्षेत्रफळ सोळापट होतं आणि बघणारा फसतो. म्हणून आकडा क्षेत्रफळात दाखवायचा. चौपट मृत्यूंसाठी लांबी फक्त दुप्पट, म्हणजे वर्गमूळाच्या हिशोबाने. आजही चार्ट बनवताना हे भान ठेवावं लागतं.

त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं. तिथली ती पहिली स्त्री. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची नर्सिंग शाळा सुरू झाली. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवत असे, त्यामुळे तुलनाच करता येत नसे. म्हणून सगळीकडे एकच फॉर्म असावा, असा आराखडा तिने मांडला. आजच्या भाषेत, डेटाचा फॉरमॅट ठरवला.

भारताशी नातं

ती भारतात कधीच आली नाही. पण इथल्या छावण्यांमधून फॉर्म भरून मागवले गेले आणि तिने ते वाचून काढले. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्यूदर वर्षाला हजारी ६९ निघाला. कारणं तीच: घाण पाणी, गटारांचा अभाव, गर्दी. पुढे तिचं लक्ष सैन्याकडून इथल्या गावांकडे वळलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, ९० व्या वर्षी ती गेली.

तेव्हा नर्सिंगच्या मित्रमैत्रिणींनो, वॉर्डात ताप, नाडी, बीपी लिहिता ना, तो डेटाच आहे. एका पेशंटचा चार्ट त्या पेशंटबद्दल सांगतो. शंभर पेशंटचे चार्ट एकत्र ठेवले तर वॉर्डाच्या नळात काय बिघडलंय, हेही सांगू शकतात. आणि बाकीच्यांनो, व्हॉट्सॲपवर आजाराचा एखादा भीतीदायक आकडा आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: कितीपैकी, आणि किती दिवसांत?