तांबेऱ्याचा माग काढणारे करमचंद मेहता

पौष महिन्यातील एखाद्या सकाळी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील पाटाकाठचे गव्हाचे शेत मोठे मनोहर दिसते. ओंब्या नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात, पाने हिरवीगार असतात आणि त्या डुलणाऱ्या पिकाकडे पाहून शेतकऱ्याचे मन हरखून जाते. परंतु चार दिवस आभाळ भरून येते, हवा दमट होते, आणि मग शेतातून फिरून आलेल्या माणसाच्या कपड्यांवर विटकरी रंगाची भुकटी चिकटलेली दिसू लागते. पानांवर व ताटांवर लोखंडाच्या गंजासारखे फोड उठतात. हाच गव्हावरील तांबेरा. तो वाढला की पिकाचा जीवनरस शोषला जातो, दाणा भरत नाही आणि खळ्यावर सुकलेल्या, चिमलेल्या दाण्यांचीच रास पडते.

तांबेरा पडला की जुनी माणसे ढगाळ हवेला दोष देत. हवेमुळे रोग बळावतो, हे खरेच आहे. परंतु त्या रोगाचे बीज शेतात येते तरी कोठून? चैत्रवैशाखात जमीन तव्यासारखी तापते. शेतात गव्हाचे हिरवे पानदेखील उरत नाही. अशा उन्हात तांबेऱ्याचे नाजूक बीज जिवंत राहणे शक्य नाही. तरीही पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा हजर होतो. हे कोडे उलगडण्यासाठी ज्या शास्त्रज्ञाने आपले आयुष्य वेचले, त्यांचे नाव करमचंद मेहता.

करमचंद मेहता यांचा जन्म १८९२ साली पंजाबातील अमृतसर येथे झाला. वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते आग्रा येथील महाविद्यालयात अध्यापक झाले. पुढे ते इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेले. त्याच विद्यापीठात रोलंड बिफेन या शास्त्रज्ञाने १९०५ साली एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला होता. तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण गव्हाच्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे ठरावीक नियमाने उतरतो, असे त्याने दाखवून दिले होते. मेहतांनी तेथे तांबेऱ्याचाच अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर १९२३ च्या सुमारास आग्र्याला त्यांनी आपल्या संशोधनास आरंभ केला. साधने तुटपुंजी होती. तथापि त्यांच्यापाशी चिकाटी होती आणि प्रश्नाचे महत्त्व त्यांनी पुरते ओळखले होते.

तांबेरा ही एक बुरशी आहे. तिचे काळा, तपकिरी आणि पिवळा असे तीन प्रकार गव्हावर आढळतात. विटकरी भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे त्या बुरशीचा एक बीजाणू. तो इतका सूक्ष्म असतो की, एकेकटा डोळ्यांना दिसत नाही. वारा त्याला शेकडो कोस वाहून नेतो. ओल्या पानावर पडताच तो रुजतो, पानात शिरतो आणि थोड्याच दिवसांत नव्या बीजाणूंचा फोड वर येतो.

युरोपातील शास्त्रज्ञांनी काळ्या तांबेऱ्याविषयी एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली होती. तेथे ही बुरशी आपल्या आयुष्याचा काही भाग बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपावर काढते. आपल्याकडील दारुहळद याच झुडपाच्या कुळातील. अमेरिकेत तर १९१८ पासून बार्बेरीची झुडपे उपटून टाकण्याची मोठी मोहीम सुरू झाली होती. हिमालयातही ही झुडपे आहेत. तेव्हा भारतातील तांबेऱ्याचे मूळ तेथेच असावे, असे कोणालाही वाटले असते. परंतु दुसऱ्या देशात जे खरे ठरले ते आपल्या देशातही खरे असेलच, असे मेहतांनी गृहीत धरले नाही. त्यांनी डोंगरांतील झुडपे तपासली, प्रयोग केले आणि भारतात तांबेरा पसरविण्यात या झुडपांचा विशेष वाटा नाही, असा निष्कर्ष काढला.

मग खरे उगमस्थान कोणते? १९३० साली कृषी संशोधन परिषदेकडून त्यांना साहाय्य मिळू लागले. आग्र्याच्या जोडीला सिमला व अलमोडा येथील डोंगरांत त्यांचे काम सुरू झाले. त्यांनी सपाटीवरची शेते उन्हाळ्यात तपासली. तेथे तांबेऱ्याचे बीजाणू कडक उन्हाने मरून जात होते. त्यांनी डोंगरांतील शेते तपासली. तेथे थंड हवेत उन्हाळी पिकांवर आणि आपोआप उगवलेल्या गव्हावर तांबेरा सुखाने जगत होता. हवेतून बीजाणू येतात की काय, हे पाहण्यासाठी ठिकठिकाणी चिकट लेप दिलेल्या काचेच्या पट्ट्या वाऱ्यात ठेवण्यात आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्ट्यांवर बीजाणू दिसू लागले. कोणत्या गावी रोग आधी दिसला, कोणत्या गावी मागाहून, याची नोंद वर्षानुवर्षे होत राहिली.

अशा रीतीने कोडे उलगडले. तांबेरा उन्हाळा काढतो तो डोंगरांत आणि हिवाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन मैदानात उतरतो. उत्तरेत हिमालय आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीचे डोंगर ही त्याची आश्रयस्थाने होत. ज्या निलगिरीत त्या काळी गव्हाचे पीक बारमाही असे, तेथूनच दक्षिणेच्या व मध्य भारताच्या गव्हावर हे संकट येत होते.

डोंगरांत उन्हाळी गहू घेऊ नये आणि आपोआप उगवलेली रोपे उपटून टाकावीत, असा उपाय मेहतांनी सुचविला. परंतु डोंगरातील गरीब शेतकऱ्याचे पोटही त्याच पिकावर अवलंबून होते. तेव्हा हा उपाय सर्वत्र अमलात आणणे सोपे नव्हते. दुसरा मार्ग होता तो तांबेऱ्यापुढे ताठ उभा राहणारा गहू शोधण्याचा.

या मार्गातही एक मोठी अडचण होती. काळा तांबेरा दिसायला सारखा असला तरी त्याचे अनेक वंश असतात. एका वंशाला दाद न देणारा गहू दुसऱ्या वंशापुढे हार मानतो. हे वंश ओळखण्यासाठी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी बारा निवडक गहू ठरविले होते. विशेष म्हणजे त्यांपैकी एकाचे नाव होते खपली! महाराष्ट्राच्या घरोघरी ज्याची लापशी व खीर होते, तोच हा खपली गहू. काळ्या तांबेऱ्याच्या पुष्कळ वंशांना तो दाद देत नाही, म्हणून जगातील प्रयोगशाळांत त्याला मानाचे स्थान मिळाले.

या परीक्षेची रीत साधी, पण काटेकोर असते. कुंड्यांतून निरनिराळे गहू पेरतात. रोपे आठवडाभराची झाली की, त्यांच्या पानांवर बीजाणू लावतात आणि ती दमट हवेत झाकून ठेवतात. सुमारे दोन आठवड्यांनी पाने तपासतात. एखाद्या पानावर मोठे फोड उठलेले असतात. एखाद्यावर फक्त फिकट ठिपका असतो. ज्याने रोगाला ठिपक्यावरच थोपविले, तो गहू परीक्षेत उतरला. मेहतांनी आपल्या देशातील वंश असे एकेक करून ओळखले. त्यांच्या या ज्ञानाचा आधार घेऊन बेंजामिन पियरी पाल या शास्त्रज्ञाने रोगप्रतिकारक गव्हाची पैदास हाती घेतली. पुढे त्यातून तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा एन. पी. ८०९ हा गहू निर्माण झाला.

हे काम किती निकडीचे होते, याचा प्रत्यय १९४६-४७ च्या हंगामात आला. त्या वर्षी मध्य भारत व लगतच्या मुलखात काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ पसरली. देशातील सुमारे वीस लाख टन गहू तिने गिळंकृत केला. आधीच अन्नधान्याची टंचाई होती. त्यात हा घाला पडला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५० साली, मेहता निवर्तले. त्यांच्या संशोधनग्रंथाचा दुसरा भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला.

पण त्यांनी लावलेले रोप वाढतच राहिले. महाराष्ट्रात निफाडच्या संशोधन केंद्रात केनियातील रोगप्रतिकारक गहू आणि निफाडचा गहू यांचा संकर करण्यात आला. त्यातून झालेल्या वाणांना दोन्ही नावे जोडून केनफड असे नाव मिळाले. १९७० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी उपग्रहांची छायाचित्रे व पावसाच्या नोंदी तपासल्या. निलगिरीकडील बीजाणू वादळी वाऱ्यांबरोबर उत्तरेकडे येतात आणि पावसाबरोबर मध्य भारताच्या शेतांत उतरतात, असे तेव्हा दिसून आले. मेहतांनी काढलेला माग खरा ठरला.

आज अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. निफाडचे गहू संशोधन केंद्र आणि महाबळेश्वरचे तांबेरा संशोधन केंद्र ही याच विद्यापीठाची अंगे होत. तेथे नव्या गव्हाची तांबेऱ्यापुढे परीक्षा घेतली जाते. ही परीक्षा कधीच संपत नाही, कारण बुरशीही स्वस्थ बसत नाही. ती नवे वंश निर्माण करीत राहते. १९९९ साली आफ्रिकेतील युगांडा देशात ओळखल्या गेलेल्या एका वंशाने तर साऱ्या जगाला सावध केले.

शेतकरी निश्चिंत मनाने ओंबीवरून हात फिरवतो, तेव्हा त्याला करमचंद मेहतांचे नाव ठाऊक असेलच असे नाही. परंतु त्या भरलेल्या ओंबीत, डोंगरोडोंगरी हिंडून सूक्ष्म बीजाणूंचा माग काढणाऱ्या या संशोधकाच्या श्रमांचाही वाटा आहे.