डोळस अभियंता : राल्फ टीटर



सुट्ट्या लागल्या की आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे इंदूरहून नाशिक, पुणे, मुंबईकडे स्वतःच्या गाडीने निघतात. आता बऱ्याच गाड्यांमध्ये ‘क्रूझ कंट्रोल’ नावाची सोय असते. एक बटण दाबले की ठरवलेला वेग गाडी स्वतःच सांभाळते, चालकाला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसावे लागत नाही. ही सोय ज्यांनी शोधून काढली त्या राल्फ टीटर यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, कारण ते पूर्णपणे अंध होते. त्यांचे चरित्र आपण सर्वांनी वाचण्यासारखे आहे.

राल्फ टीटर यांचा जन्म 17 ऑगस्ट 1890 रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात हॅगर्सटाऊन या लहानशा गावी झाला. घराणे कारागिरांचे होते. रेल्वेचे रूळ तपासण्यासाठी रुळांवरून चालणाऱ्या हलक्या गाड्या बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. राल्फ पाच वर्षांचा असताना खेळता खेळता चाकू लागून त्याचा एक डोळा गेला आणि पुढे वर्षभरातच दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली.

आता या आईवडिलांनी काय केले ते पाहा. त्यांनी मुलाला कोपऱ्यात बसवले नाही. इतर मुले जे करतात ते त्यालाही करू दिले. घरात त्याच्या अंधत्वाची सतत चर्चा होऊ दिली नाही. कारखान्यातील अवजारे हाताळायला त्याला मोकळीक होती. एकदा डोळ्याला इजा झालेल्या मुलाच्या हातात पुन्हा हत्यार देणे सोपे नसते. त्यासाठी आईवडिलांनाच मोठी हिंमत लागते. तिचे फळ लवकरच दिसले. बाराव्या वर्षी राल्फने आपल्या चुलतभावाच्या सोबतीने एक मोटारगाडी तयार केली, आणि ती चालली! हे साल साधारण 1902. त्या काळी गावोगावी लोकांनी मोटार धड पाहिलीही नव्हती.

पुढे इंजिनिअरिंग शिकायचे ठरले, पण अंध मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश देणार कोण? त्यांची एक चुलत बहीण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होती. तिच्या मदतीने तेथे प्रवेश मिळाला. पाठ्यपुस्तके दुसऱ्याने वाचून दाखवायची आणि राल्फने ती ऐकून लक्षात ठेवायची, असा अभ्यास चालला. 1912 मध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांसाठी वाफेवर चालणारी टर्बाइन बनत होती. टर्बाइनचा फिरणारा भाग एका बाजूला किंचित जरी जड असला तरी प्रचंड वेगाने फिरताना तो थरथरतो आणि यंत्र खराब होते. हा तोल साधणे मोठ्या कारखान्यांनाही जड जात होते. टीटर यांनी त्यासाठी पद्धत तयार केली. डोळ्यांनी जो थरथराट कळत नाही तो त्यांच्या बोटांना कळत असे. ज्याला लोक उणीव समजत होते, तिच्यामुळेच त्यांचा स्पर्श इतका तयार झाला होता.

नंतर ते घरच्या व्यवसायात परतले. तोपर्यंत कारखान्यात इंजिनासाठी पिस्टन रिंग बनू लागल्या होत्या. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील फट बंद ठेवणारी ही लहानशी कडी नसेल तर इंजिनची ताकद वाया जाते. ‘परफेक्ट सर्कल’ या नावाने ही कंपनी प्रसिद्ध झाली आणि 1946 मध्ये टीटर तिचे अध्यक्ष झाले. त्याआधी 1936 मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले होते.

आता क्रूझ कंट्रोलची गोष्ट. असे सांगतात की टीटर आपल्या वकिलांच्या गाडीतून जात असत. वकीलसाहेब बोलू लागले की गाडी हळू व्हायची आणि ऐकू लागले की वेग वाढायचा. बसणारे इतर लोक खिडकीबाहेर पाहून हे विसरून गेले असते. टीटर यांना मात्र प्रत्येक हिसका जाणवत होता. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, इंधन आणि टायरचे रबर वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी 35 मैल, म्हणजे सुमारे 56 किलोमीटर, ही वेगमर्यादा लागू झाली. वेग एकसारखा ठेवण्याची गरज तेव्हा सर्वांनाच पटू लागली.

टीटर यांनी अनेक वर्षे मेहनत घेतली. 1950 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रात चालकाने आधी वेग ठरवायचा. गाडी त्या वेगाला पोचली की अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल पायाला उलट दाबू लागे. म्हणजे वेगमापकाकडे न पाहता, नुसत्या स्पर्शाने चालकाला इशारा मिळे. पुढे त्यात तो वेग कायम धरून ठेवण्याची सोय आली. ब्रेकला पाय लागताच ती सुटत असे. 1958 मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या काही गाड्यांमध्ये हे यंत्र दिले. ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव कॅडिलॅकमुळे रूढ झाले. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवणारी सोय म्हणून तिचे महत्त्व आणखी वाढले. 15 फेब्रुवारी 1982 रोजी टीटर यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप आज केवढे वाढले आहे! अमेरिकेत पिकअप ट्रक ही सर्वसामान्य कुटुंबाची गाडी आहे. मागच्या हौद्यात सामान टाकून लोक शेकडो मैलांच्या सहलीला निघतात. त्यांच्या नव्या ट्रकमध्ये पुढे रडार असते. ते पुढच्या गाडीचे अंतर मोजून वेग आपोआप कमी-जास्त करते. कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे पाहून गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करतो. काही ट्रकमध्ये ठरावीक महामार्गांवर हात स्टिअरिंगवरून काढण्याचीही मुभा असते. पण तेथेही आत एक कॅमेरा असतो. तो चालकाचे लक्ष समोर रस्त्यावर आहे की नाही, हे तपासत राहतो. लक्ष हटले की सूचना येते.

अशा सुविधा आता आपल्याकडच्या गाड्यांमध्येही येत आहेत, म्हणून पालकांना एक विनंती आहे. ओल्या, निसरड्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावू नये. सेंधव्यापुढच्या बिजासन घाटातील वळणे, पुसलेले पट्टे, दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, अचानक आडवी आलेली गाय, हे सर्व यंत्राला वेळेवर कळेलच असे नाही. यंत्र पायाला विश्रांती देते, डोळ्यांना सुट्टी देत नाही. गाडीची जबाबदारी शेवटी चालवणाऱ्याचीच असते.

विश्वस्त मंडळींना आणि माझ्या शिक्षक सहकाऱ्यांनाही या चरित्रातून घेण्यासारखे आहे. दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर शिकण्याची संधी मिळाली पाहिजे, हे 2016 च्या कायद्याने सांगितलेच आहे. परंतु प्रयोगशाळेच्या दारातच आपण एखाद्या मुलाला ‘हे तुला जमणार नाही, तू बसून राहा’ असे म्हटले, तर कायदा कागदावरच राहतो. सावधगिरी जरूर घ्यावी, पण मुलाच्या हातून अवजार काढून घेण्याआधी दोनदा विचार करावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात एखाद्याला कमी दिसत असेल, कमी ऐकू येत असेल, तर त्याच्याशेजारी बसा. त्याला धडा वाचून दाखवा. टीटर यांना पुस्तके वाचून दाखवणाऱ्यांची नावे आज कोणी घेत नाही, पण त्यांच्यावाचून ते इंजिनिअर झाले नसते.