नोंदवहीतले पहिले नाव

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रनपदी एथेल मॅन्सन अवघ्या २४ व्या वर्षी आल्या. १८८७ मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली, परिचारिकांचा प्रश्न मात्र सोडला नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये कोणीही स्वतःला नर्स म्हणवून घेई. वर्षानुवर्षे शिकलेली आणि काहीच न शिकलेली, कायद्याला दोघी सारख्याच! त्याच वर्षी फेनविकबाईंच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली. डॉक्टरांप्रमाणे परिचारिकांचीही सरकारी नोंदणी व्हावी, ही तिची मागणी.

विरोधात खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभ्या राहिल्या. सेवाभाव परीक्षेने मोजता येत नाही, असे त्यांचे मत. शिवाय संसदेवर दबाव आणायचा, तर १९१८ पर्यंत बायकांना तिथे मतच नव्हते. फेनविकबाईंनी परिचारिकांचे नियतकालिक चालवले, १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेचा पाया घातला. १९०४ पासून नोंदणीची विधेयके येत आणि बारगळत राहिली. अखेर १९१९ मध्ये, ३२ वर्षांच्या झगड्यानंतर, कायदा झाला.

१९२१ मध्ये नोंदवही उघडली. पहिला क्रमांक फेनविकबाईंचा! पण नोंदणी परिषदेच्या पहिल्याच निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. मतदार होत्या नोंदलेल्या परिचारिका. १९४७ मध्ये बाईंचे निधन झाले. परिचारिकांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला होता. तो बाईंच्या विरोधातही वापरला गेला, यातच त्यांच्या लढ्याचे यश नव्हते काय?