स्फटिकांकडून मुलांकडे

बालवाडीत मूल दिवसभर नुसते खेळते, लिहायला-वाचायला कधी शिकणार, ही पालकांची काळजी आजची नाही. लहान मुलाचा खेळ हेच त्याचे शिकणे असते, असे सांगून त्यासाठी ‘किंडरगार्टन’ म्हणजेच मुलांची बाग उभारणारे फ्रीड्रिख फ्रोबेल यांना या काळजीपुढे आयुष्यभर उत्तर द्यावे लागले.

जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ भागात, ओबरवाइसबाख या गावी २१ एप्रिल १७८२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक. फ्रीड्रिख वर्षाचाही नसताना आई गेली. वडील कामात बुडालेले आणि सावत्र आईला या मुलाची ओढ नाही, त्यामुळे त्याचे बालपण एकटेपणात गेले. दहाव्या वर्षी मामाने त्याला आपल्या घरी नेले, तेव्हा कुठे त्याला सवंगडी मिळाले. पण घरी हातापायांना सवयच लागली नव्हती, त्यामुळे खेळात तो इतरांच्या मागे पडे. खेळायला न मिळालेल्या मुलाचे काय हरवते, हे फ्रोबेल यांनी असे स्वतःवरून जाणले.

पुढे ते वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करू लागले, येना विद्यापीठात शिकले आणि १८०५ मध्ये वास्तुकला शिकण्यासाठी फ्रँकफर्टला गेले. तेथे योगायोगाने शिक्षकाची नोकरी मिळाली. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझी यांच्या शाळेत दोन वर्षे राहून त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. तरीही विज्ञानाची ओढ सुटली नाही. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसैनिक म्हणून लढून परतल्यावर १८१४ मध्ये ते बर्लिनच्या खनिज संग्रहालयात ख्रिश्चन वाइस या स्फटिकशास्त्रज्ञांचे सहायक झाले. साध्या आकारांतून गुंतागुंतीचे स्फटिक कसे घडतात, हे तेथे रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असे.

रुग्ण सैनिकांची सेवा करताना त्यांचे मोठे भाऊ ख्रिस्तोफ तापाने दगावले होते. त्यांची मुले पोरकी झाली. १८१६ मध्ये फ्रोबेल यांनी संग्रहालय सोडले आणि पाच पुतण्यांना घेऊन शाळा सुरू केली. ती पुढच्याच वर्षी काइलहाऊ येथे गेली. मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आले, की शाळेत येण्याआधीची वर्षे सर्वांत मोलाची असतात आणि त्यांकडेच कोणी पाहत नाही. त्या काळी गरिबांच्या लहान मुलांसाठी संस्था होत्या, पण त्यांचे मुख्य काम आईबाप कामावर असताना मुले सांभाळणे, एवढेच असे.

१८३७ पासून ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी खेळण्यांचे संच तयार केले. पहिल्यात सहा रंगांचे लोकरीचे मऊ चेंडू. दुसऱ्यात लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसऱ्यात आठ छोट्या ठोकळ्यांत सुटणारा एक घन. मुलाने तो सोडवावा, त्यातून खुर्ची, पूल, घर रचावे आणि शेवटी पुन्हा पूर्ण घन जुळवावा. संपूर्ण आणि भाग यांचे नाते, मोजणे, समतोल हे सारे बोटांवाटे कळत जाई. स्फटिकांचा अभ्यास असा ठोकळ्यांत उतरला. १८४० मध्ये या उपक्रमाला ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. गाणी होती, गोल करून खेळायचे खेळ होते आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफाही होता. लहान मुलांच्या शिक्षिका म्हणून तरुणींना प्रशिक्षण देण्याचे कामही फ्रोबेल यांनी हाती घेतले.

पण ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशिया सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. निरीश्वरवाद आणि समाजवाद पसरवल्याचा ठपका होता. वास्तविक सरकारला खुपणारी पुस्तिका फ्रोबेल यांची नव्हती. ती कार्ल यांची होती, म्हणजे ज्या पुतण्यांसाठी त्यांनी संग्रहालय सोडले त्यांच्यापैकीच एकाची. चूक दाखवून देऊनही बंदी उठली नाही. २१ जून १८५२ रोजी फ्रोबेल यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर घन, दंडगोल आणि गोल एकावर एक रचलेले आहेत.

बंदी १८६० मध्ये उठली. तोवर त्यांच्या अनुयायांनी ही कल्पना इंग्लंड-अमेरिकेत नेली होती. पुढे स्टुटगार्टमध्ये १९१९ साली रुडॉल्फ स्टायनर यांनी वॉल्डॉर्फ शाळा सुरू केली. त्या परंपरेतील बालवाड्यांनी फ्रोबेल यांचे ठरावीक संच बाजूला ठेवले आणि कापड, लाकूड, शिंपले अशा साध्या वस्तूंतून मुलांना मुक्त खेळू दिले. वाटा वेगळ्या झाल्या, पण अक्षरांआधी खेळ हा पाया तोच राहिला. जागतिक आरोग्य संघटनाही आज तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसातून किमान तीन तास हालचाल हवी, असे सांगते. मूल ‘नुसते खेळते’ तेव्हा त्याचे शरीर आणि मेंदू दोन्ही कामाला लागलेले असतात.